वाळवलेली रताळी, तुकडी ३ : सहाव्या आठवड्याची नोंद

या तुकडीत नारिंगी गराची ४ किलो सोललेली रताळी होती. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेल्या नमुन्यावरून ताज्या गरात ७० टक्के पाणी निघालं, म्हणजे घन भाग १,२०० ग्रॅम. १० टक्के ओलाव्यावर थांबायचं तर १,२०० भागिले ०.९, म्हणजे १,३३३ ग्रॅम. काटा १,३४० ला आला तेव्हा चकत्या उतरवल्या.

हिशोब चुकला नव्हता. तरी चौथ्या आठवड्यात तीनपैकी एका बरणीत झाकणाखालच्या चकत्यांवर हिरवट पूड धरली. ट्रेच्या मागच्या ओळीतले ६-७ मिलिमीटरचे जाड काप नेमके याच बरणीत गेले होते. एक काप मोडून पाहिला : कडा कटकन तुटते, मधला भाग मात्र वातड, वाकतो. सुरुवातीलाच ७० अंश ठेवल्याने वरची साय आधी कडक झाली आणि आतलं पाणी अडकलं. शिवाय चकत्या कोमट असतानाच झाकण लागलं, त्यामुळे वाफ वर जाऊन थंड झाकणाला दव धरलं. एकूण वजन सरासरी सांगतं. बुरशी सर्वांत ओला काप शोधते.

म्हणून आता काट्यापेक्षा बरणीतल्या हवेवर भरवसा. छोटा हायग्रोमीटर (हवेतली सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत दाखवणारा मापक) चकत्यांसोबत बंद करून २४ तासांनी वाचायचा. त्याआधी तो तपासून घ्यावा : ओल्या वाळूइतपत भिजवलेलं साधं मीठ टोपणात घेऊन मापकासोबत डबीत रात्रभर ठेवलं, तर २५ अंशांना ७५ टक्के दिसायला हवेत. जितका फरक, तितका दरवेळी वजा-अधिक करायचा. चांगल्या दोन्ही बरण्या ५२-५३ वर आहेत. बिघडलेली ७७ वर होती. कोरड्यात तग धरणाऱ्या बुरशा ७०-७५ च्या आसपास सुरू होतात, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस (अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी) साधारण ८० ला. ६५ च्या वर गेलेली बरणी लगेच पुन्हा वाळवणीला.

एकदा बुरशी धरली की थांबत नाही, कारण ती स्वतःच पाणी तयार करते. १० ग्रॅम स्टार्च पूर्ण जळला की सुमारे साडेपाच ग्रॅम पाणी सुटतं आणि शेजारचा काप सादळतो. वरचे काप काढून बाकीचे वापरू नका. अफ्लाटॉक्सिन उकळून किंवा भाजून भरवशाने जात नाही, आणि दिसायला स्वच्छ कापातही असू शकतं. पूर्ण बरणी फेकायची, तीही मास्क लावून, न झटकता.

मग हाडासारखं कोरडं का करू नये? बुरशीसाठी उत्तमच, पण बीटा-कॅरोटीनला, म्हणजे रताळ्याच्या नारिंगी रंगद्रव्याला, ते मानवत नाही. फार कोरड्या कापात प्राणवायू त्याला जास्त वेगाने खातो. नारिंगी रंग फिका पडून पेंढ्यासारखा होतो तो यामुळेच, आणि हा तोटा वाळवणीपेक्षा साठवणीत मोठा असतो. पीठ करून ठेवलं तर पृष्ठभाग वाढून नुकसान आणखी लवकर. दळायचं ते लागेल तेव्हाच.

तुकडी ४ साठी : सर्व काप ३ मिलिमीटर, ५५-६० अंश, ट्रे दर दोन तासांनी फिरवणे. पूर्ण गार झाल्यावर दोन-तृतीयांश भरलेल्या बरणीत सात दिवस, रोज हलवून, म्हणजे ओलावा सगळ्यांत सारखा होईल. हवा ५५-६० दरम्यान आली की अर्धा माल प्राणवायूशोषक पुडीसह हवाबंद पाकिटात, अर्धा नुसत्या बरणीत, दोन्ही अंधारात. रंगाची तुलना दर पंधरा दिवसांनी, एकाच दिव्याखाली.