खेळातला सायलो भरला, आता खऱ्या मक्याची पाळी

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये माझ्या शेताचं दुसरं वर्ष चालू आहे, हिवाळा. रात्री सगळं आवरलं की अर्धा तास खेळते. खेळातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा, म्हणजे दोन दिवस आरामात होतात. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्यांना हे गणित फार सोयीचं आहे. हिवाळ्यात बाहेर गवत नसतं, म्हणून शरद ऋतूतच दोन्ही सायलो, म्हणजे चाऱ्याची कोठारं, भरून ठेवले. एकात २४० प्रमाणे चाऱ्याचे ४८० नग. रोज एका जनावराला एक, २८ दिवसांचा ऋतू, म्हणजे सतरा जनावरांपर्यंत काळजी नाही.

त्या सायलोतला चारा कधीच बुरसत नाही. हौसेने पाळलेल्या माझ्या कोंबड्या-शेळ्यांचं खाद्य मात्र बुरसतं, आणि या हंगामातली खरी प्रगती तिथलीच आहे.

मका आता मीठ-बरणीने तपासल्याशिवाय पोत्यात जात नाही. कोरडी काचेची बरणी, त्यात खडखडीत कोरडं मीठ आणि मूठभर दाणे. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवायचं, थोडं थांबून परत हलवायचं. काचेवर मिठाचा पांढरा थर चिकटून राहिला तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ सगळं तळाशी घसरलं तर त्याखाली. पण साठवायला मला १३ टक्के हवेत, म्हणून मीठ सुटल्यावरही दाणा आणखी वाळवते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. एका पोत्याच्या मधोमध छोटा आर्द्रतामापक खुपसून ठेवलाय. आकडा ६५ टक्क्यांच्या आत आहे आणि तिथेच टिकून आहे. हा आकडा बघायला मला खरोखर आवडतं.

एवढा खटाटोप अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष टाळण्यासाठी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी दगावले आणि माग निघाला तो शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी पुसली, झटकली, तरी विष मागे राहतं. उकळूनही जात नाही. ते पोत्यात सारखं पसरलेलंही नसतं. एका कोपऱ्यातले थोडे दाणे विषारी आणि बाकी स्वच्छ, असं होतं. म्हणून नमुना वरच्या एका मुठीचा नको. वरून, मधून, तळातून बऱ्याच ठिकाणचं थोडं थोडं घेऊन, एकत्र दळून मगच प्रयोगशाळेत पाठवायचं. माझ्या मते ही पायरी चुकली तर पुढच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

बुरशी शोधायला निळसर-जांभळा (अतिनील) टॉर्चही वापरतात, त्याबद्दल: ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात भरडलेल्या मक्यात हिरवट-पिवळी चमक दिसते, पण ती चमक त्याच बुरशीने बनवलेल्या कोजिक आम्लापासून येते, अफ्लाटॉक्सिनची नसते. चमक दिसली तर संशय घ्या. दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

शेळ्यांचं दूध घरात येतं, त्यामुळे पेंडीबाबत मी जास्तच कडक आहे. खाद्यातलं बी१ प्रकारचं अफ्लाटॉक्सिन शरीरात एम१ या प्रकारात बदलून दिवसभरातच दुधात उतरू लागतं. अमेरिकेत दुभत्या जनावरांच्या खाद्याला २० पीपीबीची (अब्ज भागांत २० भाग) मर्यादा आहे, युरोपात ५ ची. मी ५ धरून चालते.

बेंटोनाइट माती खाद्यात मिसळायला सुरुवात केली आहे. आतड्यात ती अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते. फ्युजॅरियम या दुसऱ्या, गुलाबीसर बुरशीच्या विषांवर, म्हणजे झिअरालेनोन वगैरेवर, तिचा फारसा उपयोग नाही, त्यामुळे गुलाबी बुरशी दिसलेलं कणीस सरळ बाजूला. (खेळातला सायलो बांधायलाही दहा माती लागते, हे आठवून मला फार बरं वाटलं.)

पुढचं काम हवाबंद पिशव्यांचं. तेही दाणा १३ वर आल्यावरच, कारण ओला दाणा हवाबंद केला तर तो आतल्या आत आंबतो. आणि खेळात वसंत लागला की तिसरा सायलो.