गोळी वाटली, पण घेतली का?

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, कोकणाला नवा नाही. उंदरांच्या लघवीतले जंतू भातखाचरातल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. म्हणून लावणीच्या दिवसांत आशाताई तो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाच्या गोळ्या वाटतात, मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. वाटल्या किती, याची नोंद चोख असते. लोक त्या घेतात का, हे कुडाळ तालुक्यातल्या काही वाड्यांवर मोजायचं काम माझ्याकडे आलं. जोडीला एका शाळेत मुलं साबणाने हात धुतात का, तेही.

शाळेचं आधी हाती घेतलं. वही घेऊन नळाशी उभी राहिले, तर पोरं दोन-दोनदा हात धुऊन मला फेस दाखवायला लागली. कोणी बघतंय म्हटलं की माणूस वेगळा वागतो. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांवरून या प्रकाराला नावही पडलंय. मग नळ सोडला आणि साबण धरला. सोमवारी आणि शनिवारी छोट्या डिजिटल काट्यावर वडी तोलायची. पण पावसाळ्यात वडी नुसत्या ओलीनेच विरघळते, आणि कावळा पळवतो ती वेगळीच! जाळीच्या पिशवीत घालून पागोळ्यांपासून लांब टांगली, तेव्हा कुठे आकडे पटण्यासारखे आले.

शेतावर ही युक्ती चालणारी नव्हती. ‘गोळी घेता ना?’ विचारलं की घरोघर ‘होय तर!’ दारी आलेल्या पाहुणीला नाही कोण म्हणेल? मग प्रश्न बदलले. शेवटची गोळी कधी घेतली, काय खाऊन घेतली, पाकीट दाखवता का? पाकिटं देवाच्या फळीवरून निघाली, बरीचशी न फोडलेली. पडवीत गमबूट कोरे करकरीत. एक आजी म्हणाली, “उपाशी पोटान घेतली काय मळमळता गो. आणि बूट चिखलात रुतान बसतत.”

आजीचं हे उत्तर मला सगळ्या टक्केवारीपेक्षा मोलाचं वाटलं. लेप्टो म्हणजे काय, हे वाडीला पाठ होतं. घोडं पेंड खात होतं ते रिकाम्या पोटापाशी, कारण बायका पहाटे नुसत्या चहावर शेतात उतरतात. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ पेजेनंतरची ठरवली. रात्र मुद्दाम टाळली, कारण ही गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जळजळतं.

फरक मोजायला पुढच्या वर्षीची लावणीच गाठावी लागली. दिवाळीत चिखलात उतरतंय कोण? तुलनेसाठी शेजारची वाडी घेतली होती, पण बायका एकमेकींच्या लावणीला जातात, त्यामुळे पेजेची गोष्ट तिथेही पोचली. तुलना तिथेच लंगडी पडली. आमच्या वाड्यांत रिकामी पाकिटं वाढली होती, एवढं मात्र खरं. गोळी पोटात गेली की गोठ्यात, ते पाकीट सांगत नाही.

अहवालात सांगितलेलं, पाहिलेलं आणि पाकिटात उरलेलं असे तीन रकाने वेगळे ठेवले. तिन्हींची सरासरी काढून एकच आकडा द्या, असा वरून निरोप आला. मी काढली नाही.