चोरीस-चवळी एका कुकरात: सध्या कुठवर आलंय

पाऊस लागला की बेळगावात चोर्ला घाटातून कोणी ना कोणी गोव्याच्या चोरीसची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजची, माळ घेऊन येतंच. आमच्याकडे तिचा चिली-फ्राय व्हायचा आणि एका बसणीत माळ खलास. आता तीच माळ मी मसाल्यासारखी पुरवून वापरतोय.

सध्याचं माप चौघांसाठी: 200 ग्रॅम सुकी चवळी, 150 ग्रॅम चोरीस, दोन बटाटे, दोन कांदे. तेल नाही, मीठ नाही, मसाला नाही. डुकराची चरबी, लाल मिरची, लसूण, मीठ, व्हिनेगर सगळं चोरीसमध्येच आहे, वरून घालायचं कशाला?

क्रम मात्र सोडायचा नाही. भिजवलेली चवळी आधी नुसत्या पाण्यात दोन शिट्ट्यांवर मऊ करायची. चोरीस सुरुवातीलाच टाकलं तर त्यातल्या व्हिनेगरच्या आंबटपणानं चवळीचं साल लवकर शिजत नाही, मग गॅस जाळत बसा. चवळी बोटात चिरडली की दोरा काढून, आतडं सोलून चोरीस कुस्करून घालायचं. सोबत कांदा आणि बटाट्याच्या मोठ्या फोडी. झाकण न लावता मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, मांस पुरतं शिजेपर्यंत.

तेवढ्यात वर लालभडक तवंग येतो. तो पळीनं काढता येतो, आणि एक मोठा चमचा काढला की सुमारे 120 कॅलरी कमी झाल्या. (काढलेल्या तवंगात दुसऱ्या दिवशी अंडी परततो, तो हिशेब कोणी विचारू नये.)

प्रथिनांचं म्हणाल तर 100 ग्रॅम सुक्या चवळीत 21 ते 23 ग्रॅम असतात. म्हणजे माणशी 11 ग्रॅमच्या आसपास नुसती चवळीच देते, वर तंतू भरपूर. चोरीसची प्रथिनं वेगळी. खरी अडचण मिठाची. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि चोरीस मिठातच मुरलेलं. म्हणून सोबत लोणचं-पापड बंद, ज्वारीची भाकरी बिनमिठाची. शिवाय 2015 साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात गेलंय, त्यामुळे हे रोजचं जेवण करायचा विचारही नाही.

श्रावण पाळणाऱ्यांनी चवळीपाशीच थांबावं. पुढच्या खेपेला बटाट्याऐवजी नवलकोल घालून बघतोय. कुणी घातलाय का? पाणी किती सुटतं?