गाडी घरी ठेवून नंदवाळची वारी

कोल्हापुरातनं पंढरपूरला चालत जायचं तर आठवडाभर तरी हाताशी पाहिजे, आणि राजकारणातल्या माणसाच्या घरच्या बाईला सलग आठवडा कुणी देत नाही. लग्नसराई सरते न सरते तोवर शाळांचे दाखले सुरू होतात. पाठोपाठ पाऊस, आणि मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आमच्या घरात पोरांनासुद्धा पाठ. म्हणून माझी वारी नंदवाळची. करवीर तालुक्यातलंच गाव, प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला. आषाढी एकादशीला सकाळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातनं पालखी निघते, खंडोबा तालीम, साने गुरुजी वसाहत, आपटेनगर करत पुईखडीला चढते. तिथं रिंगण होतं आणि वाशीवरनं दुपारी नंदवाळ. दहा-बारा किलोमीटरची चाल. पायांच्या मानानं वारी सोपीच. आमच्यासारखीला अवघड जातं ते एवढ्यासाठी, की वाटेवरचं निम्मं माणूस ओळखीचं असतं आणि जरा ढिलाई झाली की वारीचा दौरा होतो.

सुरुवात गाडीपासनं होते. ‘वैनी, गाडी मागनं सावकाश येऊ दे, पाय दुखले तर बसाल’ असं कुणीतरी प्रेमानंच म्हणतं. एकदा गाडी मागं लागली की ड्रायव्हर गर्दीत हॉर्न वाजवणार, बायकांच्या साडीवर चिखल उडणार, आणि पाटीवरचं पदाचं नाव वाचून लोक ज्या शिव्या देतील त्या साहेबांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, खात्यात जमा होणार. गाडी घरीच ठेवावी. तिकटीपर्यंत रिक्षानं जावं आणि परत येताना केएमटीच्या बसनं यावं, एकादशीला नंदवाळसाठी जादा बस सोडतात. सोबत कार्यकर्ते नकोत. चार तरणी पोरं भोवती कडं करून चालली की रांग मोडते आणि ज्या म्हाताऱ्या बाईला खरंच दोन शब्द बोलायचे असतात ती लांबच राहते. बचत गटातल्या दोघी ओळखीच्या असल्या की पुरे. त्यातली एक गुडघ्यानं आपल्यापेक्षा कमजोर असावी, म्हणजे चाल आपोआप बेताची राहते.

दिंडीत उभं कुठं राहायचं यालाही रीत आहे. पुढं पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, मग वीणेकरी, आणि मागं तुळशीवाल्या बाया. टाळकरी आणि वीणेकऱ्याच्या मधनं आडवं जायचं नसतं. पुढाऱ्यांच्या घरची माणसं नेमकी तिथंच घुसतात, कारण फोटोवाला तिथं असतो. पालखीची आरती झाली, पान-सुपारी झाली, की सरळ मागं सरकावं आणि तुळशीवाल्यांच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत मिसळावं. डोक्यावर तुळशीचं वृंदावन देतील. ते घ्यायचं असेल तर निदान एक अभंग संपेपर्यंत तरी घ्यावं. दहा पावलं चालून, फोटो काढून परत दिलेली तुळस बाया वर्षभर विसरत नाहीत. पितळी वृंदावन भिजल्या मातीसकट मानेवर चांगलंच बसतं. चुंबळ घट्ट वळलेली नसेल तर ते एका बाजूला कलतं आणि आपण हात वर धरून चालतो, मग संध्याकाळी खांदा उचलत नाही. सवय नसेल तर प्लॅस्टिकचं, कोकोपीट भरलेलं घ्यावं. देवाला चालतं.

पायात नवी कोल्हापुरी चप्पल घालू नये, हे कोल्हापुरातच सांगावं लागतं. पुढाऱ्याची बायको म्हणजे काठापदराची साडी आणि कोल्हापुरी पायताण असं चित्र लोकांच्या डोळ्यात असतं. पण आषाढात कातडं भिजलं की पट्टा सैल होतो, अंगठा पुढं सरकतो आणि साने गुरुजी वसाहतीच्या आतच करंगळीला फोड येतो. तळ गुळगुळीत असेल तर पुईखडीच्या चढाला पाय घसरतो ते वेगळंच. मागं पट्टा असलेली, वापरून मऊ झालेली रबरी सँडल घ्यावी. मोजे नकोत, ओल्या मोज्यात कातडी पांढरी पडून सोलते. साडी सुती, इस्त्रीला कांजी न लावलेली, घोट्याच्या चार बोटं वर नेसलेली. निऱ्यांना आतनं एक मोठी पिन. रेशमी साडी भिजली की पायाला गुंडाळते आणि पाऊल आखूड पडतं.

दागिन्यांचं वेगळं सांगते. निवडणुकीच्या अर्जाला शपथपत्र जोडावं लागतं आणि त्यात बायकोच्या नावावरचं सोनं, जमीन, ठेवी, कर्ज सगळं येतं. ते छापून आलं की आपल्या कपाटातले तोळे गावाला तोंडपाठ. ‘वैनी, आज पाटल्या नाहीत हातात?’ हा प्रश्न हसत विचारला जातो, पण विचारणारीनं आकडा वाचलेला असतो. गळ्यात दोन वाट्यांचं काळ्या मण्यांचं आखूड मंगळसूत्र, हातात काचेच्या बांगड्या, एवढंच पुरे. गर्दीत साखळ्या जातात, हे कारण सांगता येतं आणि ते खोटंही नाही.

आता कागद. वारीत निवेदन घ्यायचं नाही, हा नियम मी पाळते आणि सगळ्याजणींनी पाळावा. संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स असलं काहीतरी पिशवीतनं निघतं, पावसात भिजतं, शाई पसरते, घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. आणि ती बाई सहा महिने ‘वैनींकडं दिलाय’ म्हणून निर्धास्त बसते. तोवर तिची पेन्शन रखडलेली. कागद परत करावा, आणि छोट्या वहीत नाव, गाव आणि नेमकं काय अडलंय ते एका ओळीत लिहून घ्यावं. पेनानं नाही, शिसपेन्सिलीनं. पावसात पेन्सिलीचं अक्षर टिकतं. निराधारच्या अर्जात बहुतेक वेळा अडतं ते दोन ठिकाणी. एकतर उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१,००० रुपयांच्या वर निघालेला असतो, नाहीतर बँकखात्याला आधार जोडलेलं नसतं. दोन प्रश्न विचारले की वाटेतच कळतं नड कुठं आहे. २०२४ ची आषाढी १७ जुलैला होती आणि लाडक्या बहिणीचे अर्ज त्याच महिन्यात सुरू झालेले. त्या वर्षी ‘माउली’च्या पाठोपाठ ‘फॉर्म’ हाच शब्द कानावर येत होता.

फोन पाकिटात बंद करून ठेवावा, पण आधी घरच्यांना आणि दोन-चार नेहमीच्या माणसांना सांगून. आमच्या घरातला फोन न सांगता तासभर बंद राहिला तर लोक थेट दवाखान्यात चौकशी करतात.

फराळ वाटपाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण ते आमचंच खातं. साहेब सांगतात ‘दोन हजार माणसांचं करा’ आणि निघून जातात. दहा किलो साबुदाण्याला पाच-सहा किलो दाण्याचं कूट, चार किलो बटाटा आणि दोन किलो तूप धरलं तर साधारण अडीचशे द्रोण होतात. म्हणजे दोन हजारांना ऐंशी किलो साबुदाणा. तो एकाच कढईत करायला आचारी तयार होतो, आपण होऊ नये. दहा-दहा किलोचे घाणे करावेत, नाहीतर खालचा थर चिकटून लगदा होतो आणि वरचा कोरडा राहतो. पावसाळी हवेत साबुदाणा भिजवताना पाणी दाण्यांच्या पातळीपेक्षा किंचित कमीच ठेवावं. शेंगदाणे आदल्या रात्री भाजून कूट करावं. आठवडाभर आधी दळून ठेवलेलं कूट या हवेत खवट होतं. गरम खिचडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, दोन तासांत वाफेनं आंबूस वास येतो. भगरीच्या भानगडीत मी पडत नाही. जुनी, ओल लागलेली भगर किंवा तिचं सुटं पीठ खाऊन विषबाधा होते, अन्न व औषध प्रशासनही उपवासाच्या दिवसांत हे सांगत असतं, आणि आपल्या मांडवातलं खाऊन चाळीस माणसं दवाखान्यात गेली तर ती बातमी फराळाची राहत नाही, साहेबांची होते.

मांडव कुठं घालायचा, हेही ठरवून. पुईखडीच्या चढाच्या तोंडाशी घातला तर माणूस पोटभर खाऊन चढायला लागतं आणि अर्ध्यात बसतं. चढाआधी नुसतं पाणी आणि केळं द्यावं, खिचडी रिंगण झाल्यावर वाशीच्या बाजूला. केळ्यांसोबत रिकामी पोती ठेवलीच पाहिजेत, वीस-वीस पावलांवर एक आणि पोत्यापाशी एक पोरगं. ओल्या डांबरावर केळाच्या साली म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं माकडहाड. फ्लेक्सवर विठ्ठल मोठा आणि साहेब लहान असावेत, हे दरवर्षी छापखान्याला सांगावं लागतं आणि दरवर्षी उलटं छापून येतं.

बायकांच्या स्वच्छतागृहाचं मात्र मांडवातल्या पुरुषांना सुचत नाही. फिरती स्वच्छतागृहं आली तरी पाण्याचा टँकर गर्दीत अडकतो आणि दुपारपर्यंत दार उघडवत नाही. त्यापेक्षा दोन दिवस आधी साने गुरुजी वसाहत, आपटेनगर आणि वाशीतल्या ओळखीच्या आठ-दहा घरी फोन करावा आणि दारावर ‘महिलांसाठी सोय’ अशी पुठ्ठ्याची पाटी लावायला सांगावी. बचत गटातल्या बाया आनंदानं करतात. पदाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

पुईखडी म्हटलं की आमच्या घरात थेट पाइपलाइनच आठवते. काळम्मावाडी धरणापासनं ५३ किलोमीटर लांब आणलेलं पाणी इथंच शुद्ध होतं आणि त्यावर कोल्हापुरात किती निवडणुका बोलल्या गेल्या, याची मोजदाद नको. रिंगणाच्या वेळी मात्र नजर घोड्यावर ठेवावी. अश्व धावायला लागला की मागची माणसं पुढं रेटतात, आणि तो गेल्यावर टापांखालची माती उचलायला एकदम झुंबड उडते. गवत ओलं, खाली चिखल. पहिल्या रांगेत उभं राहायला बोलावतील, जाऊ नये. टाळकऱ्यांच्या पाठीशी उभं राहावं. माती कपाळाला लावायला चिमूटभर लागते, ती नंतर शांतपणे मिळते.

वारीत सगळे सगळ्यांच्या पाया पडतात. आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, रोज माणसं वाकतात आणि कमरेचा वाक बघून काम केवढं आहे ते मला कळतं: बदलीचा वाक वेगळा, पोराच्या नोकरीचा वेगळा. इथं सत्तर वर्षांची बाई वाकते तेव्हा आपणही त्याच क्षणी वाकायचं, थांबायचं नाही. डोक्याला डोकं आपटतं, खांद्यावरची पिशवी पुढं येऊन तिच्या तोंडावर बसते. पिशवी आडवी अडकवावी. पण सवय वाईट. अभंग तोंडात असतो आणि डोकं मात्र समोरच्या बाईला आपोआप गटात बसवत असतं: ही आपली, ही त्यांची, हिच्या दिराला दूध संस्थेत घेतलं नव्हतं. विरोधी गटाच्या वैनीही याच दिंडीत असतात. त्यांच्याशी गुडघ्यांवर बोलावं. तो विषय दोन्ही गटांना सारखाच लागू आहे आणि वाशीपर्यंत पुरतो.

खरं सांगायचं तर साहेब निवडणुकीत पडले की त्या वर्षी वारी जास्त सुखाची होते. सेल्फी नाही, कागद नाही, आरतीला आधी बोलावणं नाही. त्या वर्षी येणारी जी चार माणसं ‘चला वैनी’ म्हणतात, ती वहीत लिहून ठेवण्यासारखी.

आणि एक प्रश्न दर आरक्षण सोडतीच्या आधी ठरलेला. २०११ पासनं आपल्याकडं स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळं सोडत निघायच्या आधीच चालता चालता कुणीतरी विचारतं, ‘वैनी, या खेपेला तुम्हीच उभारणार न्हवं?’ याचं उत्तर वारीत देऊ नये, हसण्यावारीही नाही. पुईखडीला दिलेलं उत्तर आपण नंदवाळला पोचायच्या आत घरी पोचलेलं असतं. उभं राहायचं की नाही हे मी चालताना मनात तपासते, कारण घरात तो विचार करायला जागाच सापडत नाही. साहेब रात्री साडेअकराला येतात आणि कोण येऊन गेलं एवढंच विचारतात. मला कार्यालयातली सगळी खाती कळतात, कुणाचं काम कुठं अडतं ते त्यांच्याआधी कळतं. पण अर्जावर माझं नाव आणि खुर्चीत ते, असं असेल तर मला ते नको. हे त्यांना सांगायचंय. अजून सांगितलेलं नाही.

नंदवाळला दर्शनाची रांग मोठी असते. मागच्या दारानं न्यायला माणूस टपलेलाच असतो, त्याला कामाला लावावं: रांगेतल्या म्हाताऱ्यांना बसायला सतरंजी आण, पाणी आण. मुखदर्शन घेऊन बाहेर पडलं तरी चालतं. बस पकडायची तर चारच्या आत, नंतर वाशीपर्यंत रस्ता तुंबतो.

चिखलाची साडी आल्या आल्या गार पाण्यात टाकावी, गरम पाण्यानं डाग बसतो. द्वादशीला पारण्याचा स्वयंपाक पहाटेच, कारण सातला सोपा भरतो. वहीतली नावं त्याच दिवशी गावावार लावून ठेवायची, तलाठ्याकडची वेगळी, तहसीलची वेगळी, बँकेची वेगळी. ज्यांचं आपल्याच्यानं होणार नाही त्यांना पहिला फोन करायचा आणि तसं स्पष्ट सांगायचं.