मळ

गुरुवार, रात्री साडेअकरा

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघायच्या आधी चिनूचे केस बाजूला सारले आणि मान बघितली. "हे कधीपासून?" मी पटकन म्हणाले, "अहो, नीट घासतच नाही ती." चिनूने मान खाली घातली. रिक्षात दोघी गप्प.

मळ नव्हताच तो. दोन दिवाळ्या मी उटण्याने घासला, मधल्या काळात डाळीचं पीठ आणि लिंबू. एकदा तर पायाची वजरी. "आई, दुखतंय गं." "मळ असल्यावर दुखणारच."

उपाशीपोटीची साखर ९४ बघून मी हुश्श केलं होतं. पण इन्सुलिन २४. इन्सुलिनला शरीर किती दाद देत नाही ते बघायला दोन्हींचा गुणाकार करून ४०५ने भागतात म्हणे. साडेपाच आले, म्हणजे बरेच जास्त. मला जे उमगलं ते असं. इन्सुलिन म्हणजे साखर आत घ्या म्हणून स्वादुपिंडाने पेशींना मारलेली हाक. मी जेवायला चार हाका मारते तेव्हा कुठे चिनू उठते. पानावर वेळेत बसते, म्हणून बघणाऱ्याला वाटतं पोर शहाणी. माझा घसा बसलाय ते कोण मोजतं? तिच्या पेशीही तशाच, पहिल्या हाकेला उठत नाहीत. स्वादुपिंड ओरडत राहतं, म्हणून साखर अजून जागेवर. आणि ते जादाचं इन्सुलिन कातडीला उगाच वाढायला लावतं. मान जाड, काळपट, मखमलीसारखी. त्यावर मी वजरी.

डबा मी भरते, म्हणजे खापर माझ्यावरच. ह्यांच्या घरात कुणाकुणाला मधुमेह आहे ते कोणी काढणार नाही. असो.

"पण ती तर बारीक आहे!" मी वाद घातलाच. त्यावर त्यांनी पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात त्यांनी इंग्रज सहकाऱ्याशेजारी स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. साहेबाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या २१.२. वरून बारीक, आतून नाही. मला जरा हसू आलं. त्या माणसाने स्वतःचं अंग जगासमोर मांडलं, आणि मी पोरीची मान चारचौघांत नको दिसायला म्हणून खरवडत होते.

वजरी. राहून राहून तीच आठवते.

औषध आत्ता नाही. बाटलीतले ज्यूस बंद, झोप वेळेवर (मला बघूनच म्हणाल्या), आणि जेवल्यावर चालणं. चालताना स्नायू इन्सुलिनच्या हाकेची वाट न बघता साखर उचलतात. म्हणजे शतपावली! अण्णा गॅलरीत घालायचे तेव्हा आम्ही मागून नक्कल करायचो.

आज गच्चीवर दोघी गेलो. शंभर कधीच झाले, तरी ती थांबेना. मग मागून मोबाइलचा उजेड पडला, माझा अंबाडा वर उचलला गेला.

"आई, तुझ्यापण आहे."

"काय?"

"मळ. वजरी आणू?"