विरजण कसलं घालता?

इटलीची खाद्यसहल म्हटली की लोकांना टस्कनी आठवते. मला विचाराल तर खायला उत्तर इटलीतल्या एमिलियात जावं. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना अशी एका रांगेत बसलेली गावं, उत्तरेला पो नदीचं सपाट खोरं, दक्षिणेला आपेनिनचे डोंगर. चीज, हॅम, बाल्सामिक व्हिनेगर आणि फेसाळणारी लाल लांब्रुस्को वाईन, सगळं तासा-दीड तासाच्या अंतरात. अडचण एकच. इथला स्वयंपाक डुकराच्या चरबीवर पोसलेला आहे, आणि मी इटली दाखवायला नेलेल्या मराठी ग्रुपमधली निम्मी मंडळी शाकाहारी होती.

ऑक्टोबर होता. सकाळी आठलाच आम्ही रेज्जोजवळच्या एका चीज कारखान्यात पोचलो. उशीर करून चालत नाही, कारण पार्मिज्यानो रेज्यानो, म्हणजे इथलं ते प्रसिद्ध कडक चीज, सकाळीच बनतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट टाक्यांत ठेवतात, वर आलेली साय काढून घेतात आणि उरलेल्या दुधात सकाळचं ताजं दूध मिसळतात. डोक्याला जाळीच्या टोप्या, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि अंगात कागदी डगले घालून सगळे तांब्याच्या खोल कढयांभोवती उभे राहिले. फोटोही भरपूर निघाले.

ग्रुपमध्ये सांगलीकडच्या एक काकू होत्या. घरी म्हशी होत्या, त्यामुळे आयुष्यभर डेअरीला दूध घातलेलं. त्यांनी फोन पर्समधून काढलाच नाही. कढईत डोकावून त्या आधी वास घेत होत्या. "दूध चांगलं आहे," असा निकाल त्यांनी मला हळूच सांगितला. चीजच्या एका चाकाला, म्हणजे एका गोल ढेपेला, साधारण ५५० लिटर दूध लागतं हे ऐकल्यावर त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असणार, कारण पुढची दोन मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत.

कढईवरचा माणूस पंजाबी होता. यात नवल नाही. पो खोऱ्यातल्या गोठ्यांत आणि चीज कारखान्यांत पंजाबी माणसं कित्येक वर्षांपासून आहेत, जवळच्या नोव्हेलारात मोठा गुरुद्वाराही आहे. पण आमच्या मंडळींना तो लॉटरी लागल्यासारखा वाटला. इटालियनचं मराठी करणारी मी तिथल्या तिथे बिनकामाची झाले.

तो हिंदीत सांगत होता. घट्ट झालेलं दूध तारांच्या मोठ्या रवीने तांदळाच्या दाण्याएवढं बारीक करायचं, मग ५५ अंशांपर्यंत तापवायचं. कण तळाशी बसून त्यांचा गोळा होतो. दोघांनी मिळून तो लाकडी फावड्याने सोडवला, खाली कापड सरकवून वर घेतला आणि सुरीने मधोमध कापला. एका कढईत दोन चाकं. पाणी निथळत होतं आणि आतला तो पांढरा, लुसलुशीत गोळा हलत होता. तेवढ्यात काकू पुढे झाल्या.

"भैया, ये दूध जमाने को विरजण कसलं घालता?"

त्याला अर्थ बरोबर लागला. कालच्या चीजचं उरलेलं आंबट पाणी घालतो, म्हणाला. काकूंचा चेहरा खुलला. घरचीच रीत की ही! पण दूध इतकं घट्ट नुसत्या आंबटपणाने होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "आणि दुसरं काय?"

आता तो माझ्याकडे बघायला लागला. त्याला आमच्यातले शाकाहारी ओळखू येत होते. मी सांगून टाकलं: रेनेट. वासराच्या जठरातून काढलेलं. पार्मिज्यानोच्या नियमांत दूध, मीठ आणि हे रेनेट एवढंच बसतं, दुसरा पर्याय चालत नाही.

मुंबईतल्या टूर मीटिंगमध्ये हे मी सांगितलेलं होतं. पण तेव्हा लोकांचं लक्ष थर्मल घ्यायचे का आणि युरो किती न्यायचे यात असतं.

कोणी काही बोलेना. मग पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे रोज पास्त्यावर..." आणि तिथेच थांबले. एकीने सॅम्पलची ताटली तशीच खाली ठेवली. काकू मात्र चिडल्या नाहीत. "मारतात का त्यासाठी मुद्दाम?" एवढंच त्यांनी विचारलं. मांसासाठी कापलेल्या वासरांचं असतं, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून चीज बंद केलं. काकांनी मात्र बायकोच्या वाटणीचाही तुकडा उचलला.

पुढे बसमध्ये जी चर्चा झाली तशी मी कुठल्या खाद्य-परिसंवादातही ऐकलेली नाही. रिकोटा चालेल का? ते चीजमधून निघालेल्या पाण्याचं, म्हणजे रेनेट त्यातही आलंच. मस्कार्पोने? ते साय आणि आम्लाचं, त्यात रेनेट नाही. "मग तिरामिसू चालेल!" असा मस्कार्पोनेच्या त्या गोड पदार्थाचा आनंद झाला आणि त्यात अंडं असतं हे कळताच मावळला. माझा फोन तेवढा वेळ दुपारच्या फार्महाऊसवाल्या बाईंशी चालू होता. तळलेल्या पुऱ्यांसाठी, म्हणजे न्योक्को फ्रित्तोसाठी, सूर्यफुलाच्या तेलाची वेगळी कढई मी आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. आता रिकोटा भरलेल्या तोर्तेल्लोनी पास्त्याऐवजी साधा टोमॅटोचा पास्ता हवा होता, वर काहीही न किसलेला. बाईंना वाईट वाटलं. चीजशिवाय पास्ता म्हणजे त्यांच्या दृष्टीने आजारी माणसाचं जेवण.

जेवायला कास्तेल्वेत्रोच्या टेकड्यांवर गेलो. द्राक्षाची पानं लालभडक झाली होती. टेबलावर तिजेल्ले, म्हणजे गरम जाड चपट्या पोळ्या, आणि वाटीत पांढरं काहीतरी. एक ताई ते लोणी समजून लावायला निघाल्या. मी धावले. मोदेनाकडे पेस्तो म्हणतात तो हा, लसूण आणि रोझमेरी घालून वाटलेली डुकराची चरबी. हिरवा पेस्तो जिनोव्हाकडचा, आणि त्यातही पार्मिज्यानो असतंच. वाटी शाकाहारी टेबलावरून उठवून पलीकडच्या टेबलावर गेली आणि पाच मिनिटांत रिकामी झाली.

शेवटी लांब्रुस्को आली. ग्रास्पारोस्सा द्राक्षाची, गडद जांभळी, थंड. ग्लासात ओतताना गुलाबी फेस वर येतो. काकांनी ग्लास उचलला आणि काकूंनी माझा दंड धरला. "यात पण घालतात का गं काही?"

प्रश्न चुकीचा नव्हता. वाईन निवळायला कुठे अंड्याचा पांढरा भाग, कुठे जिलेटिन, कुठे माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. काकांचा हात हवेतच थांबला. मी वाईनवाल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, आम्ही बेंटोनाइट वापरतो, एक प्रकारची चिकणमाती.

"माती आपल्याला चालते," काका म्हणाले आणि बाटली स्वतःकडे सरकवून घेतली.