आठ महिन्यांच्या मुलीसह सहल : आखणीचा माझा अनुभव

मुलगी सहा महिन्यांची झाली, तेव्हा आम्ही पहिल्या कौटुंबिक सहलीचा विचार सुरू केला. आम्ही दोघे, सासूबाई आणि मुलगी असे चौघे जाणार होतो आणि निघेपर्यंत तिला आठ महिने पूर्ण होणार होते. माझ्या नवऱ्याने एका संध्याकाळी बसून सात दिवसांचा आराखडा तयार केला. त्यात तीन ठिकाणे होती, दोनदा मुक्काम हलवायचा होता आणि रोज सकाळी लवकर बाहेर पडायचे होते. लग्नानंतर आम्ही असेच फिरत आलो होतो, त्यामुळे त्या कागदात आम्हा दोघांनाही काही खटकले नाही. सासूबाईंनी तो शांतपणे वाचला आणि एकच विचारले, "हिची सकाळची झोप कुठे होणार?" मी उत्तर द्यायला गेले, तेव्हा माझ्या लक्षात आले की ती झोप नेमकी किती वाजता लागते आणि किती वेळ टिकते, हेच मला खात्रीने सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी एका वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. ती कधी उठली, कधी प्यायली, वरचे अन्न किती वाजता आणि किती खाल्ले, डोळे कधी चोळू लागली, झोप कधी लागली, एवढेच मी लिहीत असे. पंधरा दिवसांनी ती पाने एकापुढे एक ठेवून पाहिली, तेव्हा दिवस मला अगदी वेगळा दिसू लागला. ती सलग सव्वादोन ते अडीच तासच आनंदाने जागी राहत होती. त्यानंतर ती आधी नजर चुकवायची, मग कान ओढायची आणि त्या वेळी झोपवले नाही, तर पुढची किरकिर तासभर थांबत नसे. सकाळी साडेनऊच्या सुमारास सव्वा तास आणि दुपारी दीडच्या सुमारास दीड तास अशा दोन झोपा तिला अत्यावश्यक होत्या. त्या वगळल्या, तर बाहेर पडण्याजोगे दोनच तुकडे उरत होते, एक साधारण अकरा ते दीड आणि दुसरा साडेतीन ते सहा. त्यांतही दूध पाजणे, डायपर बदलणे, कपडे घालणे यांत अर्धा तास सहज जात होता. मूळ आराखड्यात रोज तीन-तीन गोष्टी पाहायच्या होत्या. आम्ही तो फाडला नाही, पण बाजूला ठेवला आणि नव्या कागदावर एकच ठिकाण, पाच रात्री आणि दिवसाला एकच कार्यक्रम, एवढेच लिहिले.

ठिकाण ठरवण्याआधी डॉक्टरांकडे जायचे, हे मला नंतर सुचले आणि ते आधीच सुचायला हवे होते, असे आजही वाटते. आम्ही निघण्याच्या सहा आठवडे आधी गेलो. आमच्या तीन ठिकाणांपैकी एक उंच डोंगरावर होते. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो आणि तान्ह्या बाळाला डोके दुखते किंवा मळमळते हे सांगता येत नाही, त्यामुळे तो त्रास नेहमीच्या रडण्यात लपून जातो, हे डॉक्टरांनी समजावले आणि आम्ही ते नाव खोडले. लशींचेही तेव्हाच कळले. गोवराची लस एरवी नऊ महिन्यांच्या सुमारास किंवा त्यानंतर दिली जाते, पण गोवराची साथ असलेल्या भागात जायचे असेल, तर सहा महिन्यांनंतरही देता येते. मात्र तो डोस पुढच्या नेहमीच्या डोसांत धरला जात नाही. आम्हाला त्याची गरज पडली नाही. तापाच्या औषधाचे माप वयावर नव्हे तर वजनावर ठरते, म्हणून तिचे त्या दिवशीचे वजन करून ते माप त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. ती चिठ्ठी, थर्मामीटर आणि क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे एका छोट्या पिशवीत घालून ठेवली. क्षारसंजीवनी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायची, बाळ थोडेसेच पिणार म्हणून कमी पाण्यात कालवायची नाही, हे मी सासूबाईंनाही मुद्दाम सांगितले.

या सगळ्या आखणीत माझा सर्वाधिक वेळ एका प्रश्नावर गेला, तो म्हणजे ती रात्री कशावर झोपणार. घरी ती स्वतःच्या छोट्या कॉटमध्ये, घट्ट आणि सपाट गादीवर, उशी किंवा सैल पांघरूण न देता पाठीवर झोपते. परगावी तसेच असायला हवे, एवढीच माझी अट होती. सासूबाईंनी सुचवले होते की खऱ्या सहलीआधी एक रात्र जवळपास कुठेतरी राहून पाहावे, म्हणून घरापासून तासाभरावर असलेल्या एका निवासात आम्ही एका रात्रीसाठी गेलो. बाळासाठी कॉट मिळेल, असे त्यांनी फोनवर दोनदा सांगितले होते. कॉट मिळालीही, पण तिची गादी इतकी मऊ होती की हात टेकताच खळगा पडत होता, आणि गादी व कठडा यांच्यामधल्या फटीत माझी चार बोटे उभी मावत होती. त्या फटीत तिचा चेहरा अडकू शकतो, हे डोळ्यांसमोर आल्यावर तिला तिथे ठेवणे मला शक्यच झाले नाही. रात्री आठ वाजता नवरा घरी जाऊन आमची घडीची कॉट घेऊन आला आणि तोवर सासूबाई आणि मी तिला आळीपाळीने खांद्यावर घेऊन फिरत राहिलो. तो दहाच्या सुमारास परतला आणि पुढच्या दहा मिनिटांत ती झोपली. रंगीत तालीम घराजवळ केली, म्हणूनच हे निभावले. त्यानंतर सामानाच्या यादीत पहिले नाव घडीच्या कॉटचे आले आणि दुसरे, प्रवासाच्या आदल्या दिवशी न धुता ठेवायच्या दुपट्याचे, कारण त्या रात्री तिने कॉटमध्ये पडताच आधी नेहमीच्या दुपट्याच्या कडेला नाक लावले होते, हे मी पाहिले होते.

प्रवास विमानाने तीन तासांचा होता. दोन वर्षांखालचे मूल बहुतेक विमान कंपन्यांत मांडीवर बसू शकते आणि आम्ही आधी तसेच ठरवले होते. पुढच्या भिंतीला लावायचा विमानातला पाळणा मागता येतो, पण त्याला वजनाची मर्यादा असते, तो ठरावीक रांगांतच लागतो आणि हवेत धक्के बसू लागले की बाळाला उचलून घ्यावे लागते. नीट लागलेली झोप अशी मोडण्यापेक्षा तिच्यासाठी वेगळी जागा घेऊन तिचे गाडीतले आसन तिथे बसवावे, असे मी सुचवले. खर्च वाढणार होता, म्हणून नवरा आधी तयार नव्हता. पण मांडीवरच्या मुलाला मोठ्या धक्क्यात हातांनी धरून ठेवता येत नाही आणि उतरल्यावर गाडीसाठीही तेच आसन लागणार आहे, हे पाहून त्याला पटले. त्या आसनावर विमानात वापरण्यास मान्यता असल्याचा शिक्का आहे ना आणि ते जागेच्या रुंदीत बसते ना, हे आम्ही कंपनीकडून लेखी विचारून घेतले. आसन खिडकीजवळच लावावे लागते, जेणेकरून इतरांची वाट अडणार नाही, हेही त्याच उत्तरात कळले.

दुधाचे गणित मी स्वतः मांडले. काढून ठेवलेले अंगावरचे दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि गोठवलेल्या बर्फपिशव्यांसह थंडावा टिकवणाऱ्या बंद पिशवीत २४ तास चांगले राहते. विमानतळावर द्रवपदार्थांना लागू असलेली १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला बहुधा लागू नसते, मात्र ते वेगळे काढून तपासणीला दाखवावे लागते. मी दोन बाटल्या सोबत घेतल्या आणि उरलेले प्रत्यक्ष पाजायचे ठरवले.

इथेच माझी चूक झाली. विमान खाली येऊ लागले की हवेचा दाब बदलतो आणि घसा व मधला कान यांना जोडणारी बारीक नळी लहान मुलांत सहज उघडत नाही, त्यामुळे गिळण्याची क्रिया चालू ठेवावी लागते, हे मला ठाऊक होते. पण विमान सुटायला पाऊण तास उशीर झाला, रांगेत ती रडू लागली आणि मी तिला तिथेच पोटभर पाजले. विमान उतरू लागले, तेव्हा ती गाढ झोपेत होती. अचानक ती किंचाळून उठली, दोन्ही मुठी कानांवर दाबू लागली आणि बाटली तोंडाजवळ नेली तरी मान फिरवू लागली. जिभेच्या टोकावर दोन-तीन थेंब टाकल्यावर ती थोडे गिळू लागली. मग तिने बाटली तोंडात घेतली आणि चार-पाच घोटांनंतर तिच्या मुठी सैल पडल्या. परतीच्या प्रवासात मी रांगेत तिला थोडेच पाजले आणि उरलेले उतरण्याआधीच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवले. त्या वेळी ती रडली नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी पहिला दिवस आम्ही पूर्ण मोकळा ठेवला होता. या वयात मुलाला आई दृष्टीआड झाली की ती परत येईल याची खात्री वाटत नाही आणि अनोळखी चेहऱ्यांचे भयही याच सुमारास सुरू होते. पहिल्या दिवशी ती मला खोलीच्या दारापर्यंतही जाऊ देत नव्हती. कार्यक्रम असता, तर मला ते ओझे वाटले असते. कार्यक्रम नसल्यामुळे मी जमिनीवर चटई टाकून तिच्याजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सासूबाईंकडे निर्धास्तपणे जाऊ लागली. दुपारचे ऊन टाळायचे होतेच. सहा महिन्यांनंतर उन्हापासून बचावाचे मलम लावता येते, तरी सावली आणि पूर्ण बाह्यांची झबली यांवरच आम्ही अधिक भर दिला, आणि भर उन्हाची वेळ व तिची झोप एकाच वेळी येत असल्याने दुपार आपोआप सुटली.

आखणीतली एक गोष्ट मी आग्रहाने कागदावर लिहून घेतली होती, ती इथे सांगितली पाहिजे. सहल सगळ्यांची असते, पण बाळाचे पाजणे, बदलणे, झोपवणे जागा बदलूनही तेवढेच राहते आणि ते आपोआप आईकडे येते. म्हणून दुपारच्या झोपेची जबाबदारी एक दिवस नवऱ्याकडे, एक दिवस सासूबाईंकडे, असे आम्ही निघण्याआधीच ठरवले होते. चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघे जाऊन या, मी बसते हिच्याजवळ." वही त्यांच्यासमोर उघडी होती. मी सांगायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवले आणि म्हणाल्या, "वाचलंय मी सगळं." आम्ही दीड तास पाण्याच्या काठाने चालत गेलो आणि परत आलो, तेव्हा ती नुकतीच उठून त्यांच्या मांडीवर बसली होती.

घरी परतल्यावर तिची रात्रीची झोप पूर्ववत व्हायला तीन दिवस लागले. तेवढे दिवस नवऱ्याने कामावरून सुट्टी आधीच घेतली होती. आता ती अकरा महिन्यांची आहे, सकाळची झोप पुढे सरकून कमी होत चालली आहे आणि वहीतल्या जुन्या वेळांपैकी एकही उपयोगाची राहिलेली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे ठरते आहे, म्हणून सोमवारपासून मी नव्या पानावर नोंदी सुरू केल्या आहेत.